सुखसंमती

दर वर्षी हजारो माणसं कर्करोगातून ठणठणीत बरी होत होती आणि त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला तो झाला होता, हे ठाऊकच नव्हतं. सन २०६९ मधल्या वैद्यकाचा हा सगळ्यांत मोठा पराक्रम मानला जाई. भाषणात त्याचा उल्लेख आला की टाळ्या पडत. आपण कशाला टाळ्या वाजवतोय हे बघायची गरज कुणाला वाटत नसे. टाळ्यांचं ते तसंच असतं.

इचलकरंजीच्या उर्वी चौगुलेनंही अशा टाळ्या वाजवल्या होत्या. वय एकोणपन्नास, लग्न केलेलं नाही, एका कापड गिरणीत मेंडिंग खात्याची प्रमुख. मेंडिंग म्हणजे विणताना कापडात राहिलेली तूट बोटांनी सांधणं. माग आता आपले आपण चालत, पण सुटलेला धागा पकडायला अजून बाईचीच बोटं लागत. अशी ही बाई त्या मंगळवारी सकाळी धाकट्या बहिणीला, केतकीला, घेऊन पोटसफाई केंद्रात आली तेव्हा आधीच चिडलेली होती. केतकी अडतीस वर्षांची. दोन महिने शौचावाटे रक्त जात होतं आणि बाईसाहेबांनी घरात चकार शब्द काढला नव्हता.

डॉक्टर नौशीन मुजावर साठी ओलांडलेल्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी केतकीला नाव-वय विचारून झाल्यावर नेहमीचा पहिला प्रश्न विचारला.

“रक्ताच्या नात्यात कुणाला आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग झाला होता का?”

केतकीनं एकदा उर्वीकडं बघितलं. “न्हाई,” ती म्हणाली.

“कुणालाच न्हाई,” उर्वीनं ठासून सांगितलं. “आईला तेवढी मूळव्याध होती. त्यातच गेली. केतू तेव्हा तीन वर्षांची होती.”

“मूळव्याधीनं गेल्या?” डॉक्टरांनी वर बघितलं. “वय काय होतं?”

“एकोणचाळीस. अंगात रक्तच राहिलं नव्हतं.”

डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं आणि केतकीला आत नेलं. उर्वी बाहेरच्या बाकावर बसून राहिली, आणि तिथं भिंतीवर हसऱ्या सुरवंटाचं चित्र होतं.

या सुरवंटाबद्दल इथं थोडं सांगायला हवं. गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, जेमतेम वीतभर भाग. त्याची भिंत चार पदरी असते. सगळ्यांत आत ओलसर, मऊ पदर. त्याखाली रक्तवाहिन्यांचा सैलसर दुसरा पदर, मग स्नायूंचा तिसरा आणि बाहेरून चरबीचा चौथा. गाठ जन्मते ती पहिल्या पदरात. पहिल्या दोन पदरांत आहे तोवर ती बहुतेक वेळा तिथल्या तिथं असते. तिसऱ्यात शिरली की रसग्रंथींची वाट धरून कुठंही जाऊ शकते. जुन्या काळी गाठ लहान असो की मोठी, पोट फाडून गुदाशयच काढून टाकत आणि पुष्कळदा शौचाची वाट पोटावर काढून तिथं जन्माची पिशवी लावत. मग काही शल्यविशारदांना वाटलं की देवानं एक वाट दिलेलीच आहे, तर दुसरी कशाला पाडा? त्यांनी त्याच वाटेनं नळी घातली, आत हवा भरून जागा केली, कॅमेऱ्यात बघत गाठ तेवढी काढली आणि भिंत आतून शिवली. पोटाला ओरखडा नाही आणि वाटही शाबूत. फार चांगलं, माणुसकीचं काम होतं ते.

या नळीचा पुढं सुरवंट झाला. करंगळीएवढं मऊ यंत्र, आपलं आपण आत सरकणारं, पेशीपेशीवर उजेड टाकून चांगली कोणती आणि बिघडलेली कोणती ते ओळखणारं, गाठ काढून आतल्या आत टाके घालणारं. दुखत नाही, भूल लागत नाही. पंचेचाळिशीनंतर दर वर्षी प्रत्येकाला ‘पोटसफाई’ सक्तीची झाली. अर्धा तास कुशीवर पडायचं, उठून चहा प्यायचा आणि कामावर जायचं. आत गाठ सापडली तर सुरवंट ती त्याच बैठकीत काढून टाकी.

आणि इथं आपल्या लोकांचं डोकं चाललं. “डॉक्टर, त्यांना काही सांगू नका हं, हाय खातील,” हे वाक्य मराठी माणूस दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून पिढ्यान् पिढ्या बोलत आला आहे. पूर्वी ते फार दिवस टिकत नसे. पोटावर वीतभर टाके पडल्यावर मूळव्याधीचं सोंग किती वठवणार? सुरवंटानं ती अडचणच मिटवली. जखम नाही, कळ नाही, एका दिवसाची रजासुद्धा नाही. कायद्यानंही हातभार लावला. शस्त्रक्रिया म्हणजे कातडीला छेद, अशी कायद्याची व्याख्या. इथं कातडीला धक्काच लागत नाही, म्हणून ही शस्त्रक्रिया नव्हे, सफाई. सफाईला रुग्णाची परवानगी कशाला हवी? जवळच्या माणसाची सही पुरे.

या सहीचं नाव सुखसंमती. रुग्णाचं मन सुखात राहावं म्हणून त्याच्या माणसानं दिलेली संमती. ती प्रत्येकाच्या नावावर आधीच करून ठेवलेली असे. गाठ निघाली तर निकाल सहीदाराला कळे आणि रुग्णाला निरोप जाई, ‘सफाई उत्तम.’ झाकली मूठ सव्वा लाखाची! ज्याला मागंपुढं कुणी नाही अशाच माणसाला केंद्रातून थेट सांगत. त्यामुळं ‘त्याला सांगितलं’ याचा अर्थच गावात ‘बिचाऱ्याचं कुणी नाही’ असा होऊन बसला होता.

दुपारी डॉक्टरांनी उर्वीला एकटीलाच बोलावलं. घटस्फोटानंतर केतकी मुलीला घेऊन बहिणीकडंच राहायला आली होती, त्यामुळं तिची सहीदार उर्वी.

“गाठ आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “गुदद्वारापासून तीन बोटं आत. तिसऱ्या पदरात शिरलीय.”

उर्वीला आधी काही कळलंच नाही. मग तिचं डोकं भणाणलं.

“अडतीस वर्षांची पोर हाय ती! गल्लीतल्या ऐंशीच्या म्हाताऱ्याला तुम्ही दर वर्षी ओढून आणता आणि हिच्या वेळेला तुमचा सुरवंट झोपला होता व्हय?”

“सुरवंट पंचेचाळिशीला सुरू होतो. घरात कुणाला असेल तर पंचविशीपासून.”

“आमच्यात कुणाला न्हाई म्हणून सांगितलं की सकाळी.”

“असणार, उर्वीताई. गाठीनंच सांगितलंय.” डॉक्टरांनी खुर्ची जरा पुढं घेतली. “हे बघा, पेशी एकाच्या दोन होतात तेव्हा तिच्यातला सगळा मजकूर नव्यानं उतरवला जातो. एवढं मोठं बाड उतरवायचं म्हणजे चुका होणारच. त्या शोधून नीट करणारी काही जनुकं असतात. दुरुस्ती-जनुकं म्हणू आपण. तुमचं मेंडिंग खातंच समजा. काही घराण्यांत त्यातलं एक जन्मापासून बिघडलेलं असतं. चुका साचत जातात आणि गाठी लवकर येतात, तिशीत, चाळिशीत. ते आईकडून नाहीतर वडिलांकडून येतं. कुठल्या मुलात उतरेल आणि कुठल्या नाही, हे छापा-काट्यासारखं असतं.”

“मग सगळ्यांचीच तपासून ठेवायची होती ती जनुकं!”

“तपासत होतो की. मग लोक पत्रिकेबरोबर जनुकांचा कागद मागायला लागले. साखरपुडे मोडले. शेवटी कायदा आला, घरात रोग असल्याशिवाय जनुकं तपासायची नाहीत. कायदा चांगला होता. फक्त घरात रोग आहे की नाही हे त्या घराला माहीत असायला हवं होतं.”

उर्वीला ते दिवस आठवले. एकोणचाळीस वर्षांची आई, परसात बादलीत भिजत घातलेले कपडे, आणि ते धुणारी चौदा वर्षांची आपण. मूळव्याध हा शब्द तिला आजीनं दिला होता. लोकांना सांगायला बरा, पोरींच्या लग्नात आडवा न येणारा शब्द. पस्तीस वर्षं ती तो शब्द विश्वासानं पुढं देत आली होती. आज सकाळी ह्याच खोलीत, ठासून. तिला आजीचा राग आला आणि आजी तर कधीच गेली होती.

डॉक्टरांनी तिच्यापुढं कागद सरकवला. वर छापलं होतं, सुखसंमती. गाठ खोल गेली की उपचार सहीदारानं निवडायचा, म्हणून खाली दोन चौकटी.

“दोन मार्ग आहेत. एक म्हणजे जुनी, मोठी शस्त्रक्रिया. गुदाशय काढायचा, आजूबाजूच्या रसग्रंथी काढायच्या. गाठ फार खाली आहे म्हणून पिशवी कायमची. दुसरा मार्ग सुरवंटाचा. गाठ तेवढी निघेल. ग्रंथींत काही गेलेलं असेल तर ते तिथंच राहील.”

“तुम्ही काय कराल?”

“पहिल्या-दुसऱ्या पदरातली गाठ असती तर डोळे झाकून सुरवंट. त्याच्यासाठीच केलाय तो. या गाठीला मोठीच शस्त्रक्रिया.”

“मग दुसरी चौकट ठेवलीय कशाला?”

“कायद्यानं ठेवावी लागते. पोटावरची पिशवी रुग्णापासून लपवता येत नाही ना. मोठी निवडली तर त्यांना सांगावं लागतं. म्हणून दहातले आठ सहीदार दुसऱ्या चौकटीत खूण करतात.” डॉक्टर पुढं म्हणाल्या, “सुखसंमती आली त्या वर्षी आमच्या मोठ्या शस्त्रक्रिया निम्म्यावर आल्या. आम्ही पेढे वाटले. वाटलं, रोग हटला. रोग होता तेवढाच होता. फक्त लपवता येईल तेवढाच उपचार होत होता.”

उर्वी ताडकन उठली.

“आमच्या खात्यात बायका कापडातली तूट अशी सांधतात की भिंगातून बघितली तरी दिसायची न्हाई. तरी काठाला लाल दोरा बांधावाच लागतो. हितं सांधलंय, घेणाऱ्यानं बघून घ्यावं. एकदा एका पोरीनं दोरा बांधला न्हाई तर मी तिला कामावरून घरी पाठवली. कापड हो! अंगात घालायचं कापड! आणि तुम्ही जित्या माणसांना सांधून सोडून देताय, काठाला दोरा न बांधता? आणि वर ह्याला सुख म्हणताय?”

“मी होते त्या समितीत,” डॉक्टर म्हणाल्या.

“काय?”

“कायदा करणाऱ्या समितीत. माझ्या अब्बांना गाठ निघाली तेव्हा मीच त्यांना सांगितलं, डॉक्टर होते ना मी. छोटी होती, बरी होणारी होती. त्यांनी त्या दिवसापासून जेवण सोडलं. नवव्या दिवशी गेले. गाठीनं नाही गेले, मी सांगितलं म्हणून गेले. मला वाटलं, पुन्हा कुणाच्या अब्बांचं असं व्हायला नको.”

हे ऐकून उर्वीचा राग आणखीच वाढला. समोरचा माणूस बदमाश असला म्हणजे भांडायला बरं असतं.

डॉक्टरांनीच पुढं विचारलं. “हे जनुक तुमच्यातही असू शकतं. तुमच्या आतापर्यंत पाच सफाया झाल्या असतील. कधी काही निघालं?”

“काही न्हाई. निघालं असतं तर मला...”

ती मध्येच थांबली.

“तुमची सहीदार कोण आहे?” त्यांनी हळूच विचारलं.

केंद्राच्या तळमजल्यावर नोंदींची खिडकी होती. आत एक तरुण, अदबशीर कारकून. उर्वीनं आपला क्रमांक सांगितला आणि आपली फाइल मागितली.

“सोपं आहे,” तो म्हणाला. “काही निघालेलं नसलं तर फाइल कोरी असते, ती लगेच उघडते. निघालेलं असलं तर सहीदाराला विचारणा जाते.”

त्यानं बोटं चालवली. पडद्यावर अक्षरं आली, ‘सहीदारास विचारणा केली आहे. कृपया थांबावे.’

उर्वी खिडकीच्या कडेला हात टेकून उभी राहिली. ज्याची फाइल कोरी त्याला थांबायला सांगत नाहीत, एवढं कळायला फार शिक्षण लागत नाही. तरी तिचं मन पळवाटा शोधत होतं. यंत्र सावकाश चालत असेल. नावात चूक असेल. मिनिटभरानं अक्षरं बदलली.

‘सहीदाराने परवानगी नाकारली आहे.’

“नकार आलाय, काकू,” कारकून म्हणाला, आणि तिचा चेहरा बघून समजुतीच्या सुरात पुढं बोलला, “वाईट वाटून घेऊ नका. माया आहे तुमच्यावर तुमच्या माणसाची. काही लोक लगेच परवानगी देऊन मोकळे होतात बघा.”

त्या पोराच्या थोबाडीत द्यावी असं उर्वीला वाटलं. पण त्याचा काय दोष! तो लहानाचा मोठा याच जगात झालेला. ती जिन्याकडं वळली आणि दोन-दोन पायऱ्या चढत दुसऱ्या मजल्यावर गेली.

केतकी दवाखान्याचा निळा झगा घालून खाटेवर बसली होती. फोन उशीखाली सरकवायला तिला वेळ मिळाला नव्हता.

“कधी?” उर्वीनं दारातूनच विचारलं.

“काय कधी?”

“केतके, माझ्याशी नाटक करू नको. कधी निघाली माझी गाठ?”

केतकीचा चेहरा पडला. “पहिल्याच सफाईला. चार वर्षं झाली. दुसऱ्या पदरापर्यंतच होती, अक्का. सगळी निघाली. तू दुसऱ्या दिवशी कामावर गेलीस, येताना खाजा घेऊन आलीस.”

“आणि तुला त्यांनी नुसतं तेवढंच सांगितलं?”

“निकालाच्या पाठीमागं लिहिलेलं असतंय.” केतकी झग्याच्या काठाशी चाळा करत बोलत होती. “रक्ताच्या नातेवाइकांनी पंचविशीपासून तपासून घ्यावं म्हणून.”

“वाचलं होतंस?”

“वाचलं होतं.”

“मग?”

“तपासायला गेलं की त्या निकालाचा क्रमांक घालावा लागतोय. क्रमांक घातला की घरातल्या सगळ्यांना निरोप जातोय. तुला कळलं असतं.”

उर्वी खाटेच्या कडेला बसली.

“मला कळू नये म्हणून तू चार वर्षं...”

“मला वाटलं, पंचेचाळीसला होईलच की माझी पण सफाई. दहा-अकरा वर्षांचा तर प्रश्न. आणि ह्या दोन महिन्यांत रक्त जायला लागलं तेव्हा मनात म्हटलं, आईसारखी मूळव्याध असेल.”

“आणि आज सकाळी? डॉक्टरनी तोंडावर विचारलं तेव्हा? तेव्हा का न्हाई म्हणालीस?”

केतकीनं मान वर केली. “तू शेजारी बसलीवतीस,” ती म्हणाली.

उर्वीला ओरडायचं होतं. मूर्ख, गाढव, आपल्या जिवावर उठलीस म्हणायचं होतं. आयुष्यात एवढा संताप तिला कधी आला नव्हता आणि तो टाकायला जागा मिळत नव्हती. कायदा करणारीनं बापाच्या दुःखानं केला. कारकून मायेचं कौतुक करत होता. आणि ही समोरची, हिच्या अंगात आज तिसऱ्या पदरापर्यंत गाठ गेली होती ती केवळ बहिणीची झोप उडू नये म्हणून.

“तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?” शेवटी ती एवढंच म्हणाली.

“तूच.” केतकीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. “बाबांचं पिणं तू माझ्यापासून झाकलंस. फी भरायला आईच्या पाटल्या मोडल्यास ते झाकलंस. सासरच्यांनी नोटिशीत माझ्याबद्दल काय काय लिहिलं होतं, ते कागद मला कधी दाखवलेच न्हाईस. मला पहिल्यांदाच तुझ्यासाठी काहीतरी झाकायला मिळालं होतं, अक्का.”

हे खरं होतं. पोरगी ज्या शाळेत शिकली तिथली बाई उर्वीच होती. ते कळल्यावर तिचा राग गेला असं मात्र नाही. तो तिच्याकडंच वळला आणि तिथं ठाण मांडून बसला. तिनं पदरानं बहिणीचं तोंड पुसलं, जरा जास्तच जोर लावून पुसलं, आणि सरळ सांगायला सुरुवात केली. गाठ कुठं आहे, किती आत गेलीय, दोन मार्ग कोणते, पिशवी कुठं बसते, कशी बदलायची. आडवळण घेतलं नाही, गोड शब्द शोधले नाहीत. आई कशानं गेली असणार तेही सांगितलं.

“मी सही करणार न्हाई,” ती शेवटी म्हणाली. “तुझं अंग, तुझी सही. तू वाच आणि तू ठरव.”

केतकीनं कागद शेवटपर्यंत वाचला. तिनं पहिल्यांदा विचारलं ते भलतंच.

“पिशवी साडीखालनं दिसती काय गं?”

“न्हाई म्हणतात. आणि दिसली तर दिसली. बघणाऱ्याचे डोळे काय फुटणार हायत का?”

केतकीला रडता रडता हसू आलं. तिनं पेन घेतलं, पहिल्या चौकटीत खूण केली आणि खाली सही केली. मोठी शस्त्रक्रिया. अक्षर जरा वाकडं आलं, पण सही तिची होती. त्या केंद्रात त्या महिन्यात रुग्णानं स्वतः केलेली ती पहिलीच सही होती, असं नंतर डॉक्टर मुजावरांनी सांगितलं.

आता राहिली ओवी. केतकीची मुलगी, सांगलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, वय एकोणीस. आजीकडून आईत आणि मावशीत उतरलेलं ते बिघडलेलं जनुक तिच्यात आहे की नाही, हे तपासल्याशिवाय कळणार नव्हतं. असलं तर तिच्याकडं अजून वेळ होता. या घरात एवढा वेळ आधी कुणालाच मिळाला नव्हता.

“आत्ता नको तिला,” केतकी लगेच म्हणाली. “परीक्षा हायत. हळवी हाय पोरगी. परीक्षा होऊ देत, मग मी सावकाशीनं...”

“परीक्षेनंतर नोकरी. नोकरीनंतर लग्न. मग बाळंतपण.” उर्वी तिच्यावर जवळजवळ खेकसलीच. “कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतंय का, केतू? आपल्या आईचं राहिलं का?”

केतकीनं होकाराची मान हलवली. उर्वीनं फोन लावला आणि आवाज बहिणीलाही ऐकू जाईल असा मोठा केला.

ओवी जेवायला निघाली होती. उर्वीनं तिला खोलीत परत जाऊन दार लावून घ्यायला सांगितलं आणि मग सगळं सांगितलं. आजीचं, आपलं स्वतःचं, आईचं. आईचं ऑपरेशन शुक्रवारी आहे आणि आई नीट होईल असं डॉक्टरांना वाटतंय. मग दुरुस्ती-जनुकाचं, जमेल तेवढं सोपं करून. “तुझ्यात असेलच असं न्हाई,” ती म्हणाली. “पण तपासायचं. आणि असलं तर दर वर्षी सफाई, आणि दर वर्षी निकाल तुझ्या हातात. लई लवकर कळतंय, म्हणून काही बिघडणार न्हाई. कळलं का, बाळा?”

केतकीनं उर्वीचा हात घट्ट धरला होता.

“मावशी,” ओवीनं विचारलं, “आईची सुखसंमती तू केलीस?”

“न्हाई. आईनं स्वतःच सही केली.”

“आणि माझी? माझी कोण करणार होतं?”

“कुणीच न्हाई. तुला सरळ सांगायचं ठरवलं आम्ही.”

“आमच्या होस्टेलवर एका मुलीला सरळ सांगितलं होतं,” ओवी म्हणाली. तिचा आवाज आता अगदी लहान पोरीसारखा झाला होता. “सगळ्या आळीपाळीनं तिला सोबत घेऊन जेवायला बसायच्या. तिचं कुणी नाही म्हणून.”

“अगं वेडे, तुझं कोण न्हाई? आई हाय. मी हाय की!”

“आहेस,” ओवी रडत म्हणाली, “तर मग मला सांगितलंस कशाला?”